सांगलीतल्या ‘बोन्साय जंगल’ संचात रोपं चांगली, माती टाकाऊ

बोन्साय जंगल म्हणजे एकाच उथळ ट्रेमध्ये अनेक बुटकी झाडं लावून उभं केलेलं छोटं रान. सांगली-मिरज भागातल्या एका रोपवाटिकेत त्याचा हा संच तयार मिळतो. फायकसची, म्हणजे आपल्या नांद्रुकीची नऊ रोपं, ४५ बाय ३० सेंटिमीटरचा उथळ ट्रे, मातीची पिशवी, ट्रेच्या भोकांवर घालायची जाळी आणि दीड मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार. रोपांना दहापैकी आठ गुण, मातीला दोन.

रोपं निरोगी आहेत, पण सगळी एकाच मापाची, पेन्सिलीएवढ्या खोडाची. जंगलात एक झाड थोरलं दिसायलाच हवं. मागितलं तर अंगठ्याएवढ्या खोडाचं एक रोप बदलून देतात, तेव्हा मागाच. ते ट्रेच्या एका बाजूपासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर, बाकीची कडेकडे आणि मागे बारीक व बुटकी होत गेलेली. समोरून पाहताना तीन खोडं एका ओळीत आली, की जंगलाऐवजी उसाची सरी दिसते.

आता माती. पिशवीत चाळलेली काळी माती आणि शेणखत आहे. कृष्णाकाठची काळी माती उसाला भले सोनं असेल; चार सेंटिमीटर खोल ट्रेमध्ये ती पाणी धरून बसते, मुळं कुजतात, आणि वाळली की भेगाळून बारीक मुळं तोडते. त्यापेक्षा तीन ते पाच मिलिमीटरचे विटांचे तुकडे दोन भाग, जाड वाळू एक भाग, कुजलेलं शेणखत एक भाग घ्या. चाळणीखालची पूड टाकून द्या, निचरा तीच बुजवते.

ट्रेला भोकं दोनच. आणखी चार पाडून घ्या, कारण रोपं बांधायची तारही त्यांतूनच वर येते. हलत्या रोपाची नवी मुळं धरत नाहीत. नऊ रोपं सुटी उभी करण्यापेक्षा बांबूच्या कामट्यांची जाळी करून त्यावर बांधली तर काम सोपं होतं. रोपाच्या पिशवीत तळाशी गुंडाळलेली जाड मुळं कापा, त्या मानाने पानंही कमी करा, मग दोन-तीन आठवडे सावली.

सोबतच्या कागदावर ‘केव्हाही लावा’ असं छापलंय. एप्रिल-मेच्या सांगलीत हा सल्ला रोपांच्या जिवावर बेतेल. जूनअखेर ते जुलै हीच वेळ.

संचातली तार फांद्या वळवण्यापुरती ठीक. खोड वळवायला त्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणजे अडीच मिलिमीटरची वेगळी घ्यावी लागते. पावसाळ्यात फायकस झपाट्याने जाड होतं, तार सालीत रुतते. चौथ्या आठवड्यापासून दर आठवड्याला पाहा आणि काढताना उलगडू नका, तुकडे करून काढा.

मातीवर पसरायचं शेवाळ वेगळं विकतात. त्याला पैसे कशाला? श्रावणात कुठल्याही जुन्या कुंपणभिंतीवर फुकट मिळतं, पातळ खरवडून आणायचं.