गोव्यातून टेरिटोरियल आर्मी: नोकरी सांभाळून वर्दी घालायची असेल तर

टेरिटोरियल आर्मी (टीए) म्हणजे सैन्यात शिरायचा मागचा दरवाजा, असे समजून फॉर्म भरणारी मुले गोव्यात पुष्कळ आहेत. त्यांची निराशा ठरलेली. नोकरी, धंदा किंवा पोटापाण्याचे साधन म्हणून टीएकडे पाहू नका, असे सैन्य स्वतःच सांगते. हाताशी स्वतःचे काम असावे, वर्षातला काही काळ वर्दीत जावा आणि देशाला गरज पडली तर हाक येताच निघावे, अशी ही रचना आहे. त्या मापाने पाहिले तर सेवेला पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. पक्क्या सरकारी नोकरीच्या मापाने पाहिले तर दोनही देता येणार नाहीत.

कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या दलाचे उद्घाटन केले. गोव्याच्या मुलांच्या कानावर येणाऱ्या पलटणी म्हणजे कोल्हापूरची १०९ इन्फंट्री बटालियन, मराठा लाइट इन्फंट्री, आणि बेळगावची ११५ इन्फंट्री बटालियन, महार रेजिमेंट. म्हणजे भरतीसाठी बहुधा घाट चढावा लागतो.

सगळ्यात आधी वेळेचा हिशेब करा, कारण बहुतेकांचे गणित तिथेच चुकते. पहिल्या वर्षी सुमारे एक महिन्याचे प्राथमिक प्रशिक्षण आणि नंतर दरवर्षी साधारण दोन महिन्यांचे वार्षिक प्रशिक्षण, असा ढोबळ आराखडा आहे. तारखा पलटण ठरवते, तुम्ही नव्हे. कळंगुटच्या हॉटेलात काम करणाऱ्याला ऐन डिसेंबरात बोलावणे आले तर मालकाचा चेहरा कसा होईल याचा विचार फॉर्म भरण्याआधी करायचा. दुसरे म्हणजे 'एम्बॉडिमेंट'. पलटण प्रत्यक्ष सेवेत घेतली गेली की दोन महिन्यांचा हिशेब संपतो आणि जवान पूर्णवेळ सैनिक होतो. मे २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने लष्करप्रमुखांना टीए बोलावण्याचे अधिकार देणारा आदेश काढला. ३२ इन्फंट्री बटालियनपैकी १४ प्रत्यक्ष सेवेत घेण्याची तरतूद त्यात होती, आणि मुदत होती फेब्रुवारी २०२८ पर्यंत. तेव्हा 'वर्षाला दोनच महिने' असे घरच्यांना सांगून टाकू नका. त्यांना पूर्ण चित्र माहीत असलेले बरे.

नोकरीच्या बाबतीत कायदा जवानाच्या बाजूने आहे. टीए कायद्याच्या कलम ७ अ नुसार लष्करी सेवा संपल्यावर मालकाने माणसाला आधीपेक्षा वाईट नसलेल्या अटींवर कामावर परत घ्यायचे असते. प्रॉव्हिडंट फंड आणि तत्सम हक्क कलम ७ ब राखते. कायम कामगाराला हे कवच भक्कम आहे. पण वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या इस्टेटीत कंत्राटदारामार्फत राबणाऱ्यांची गोष्ट वेगळी. मुदतीचे कंत्राट मधल्या काळात संपले तर परत जायला जागाच उरत नाही. म्हणून आधी आपले नेमणूकपत्र नीट वाचा, मालक म्हणून त्यावर कोणाचे नाव आहे ते पाहा आणि एचआरशी होणारे बोलणे लेखी ठेवा. पोलीस, निमलष्करी दल किंवा नियमित सैन्यात आधीच असणाऱ्यांना टीएचे दार बंद आहे.

पैशाची बाजू स्वच्छ आहे. प्रशिक्षणात किंवा प्रत्यक्ष सेवेत असताना नियमित सैन्याच्या दराने वेतन मिळते. सातव्या वेतन आयोगानुसार शिपायाचे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होते, त्यावर ५,२०० रुपये लष्करी सेवा वेतन आणि इतर भत्ते. घरी असलेल्या दिवसांचे काही नाही. निवृत्तिवेतनासाठी जवानाची प्रत्यक्ष सेवा एकूण १५ वर्षे भरावी लागते, आणि ती भरेलच याची हमी कोणी देत नाही.

आता मैदान. जवानासाठी वय १८ ते ४२, उंची १६० सेंटीमीटर, छाती ७७ आणि फुगवून ८२, वजन किमान ५० किलो. जनरल ड्युटीला, म्हणजे साध्या शिपायाच्या जागेला, दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. धाव १.६ किलोमीटरची. लक्ष्य ५ मिनिटे ३० सेकंदांचे ठेवा, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, प्रत्येकी साडेब्याऐंशी सेकंदांत. आपल्याकडची मुले मिरामारच्या किंवा कोलव्याच्या वाळूत धावून तयारी करतात आणि पोटऱ्या दुखवून बसतात. मऊ वाळूत पाय रुततो, पावलाची लय मोडते आणि घड्याळावरचा वेळ खोटा निघतो. बांबोळीच्या ॲथलेटिक स्टेडियमसारखा मोजलेला ट्रॅक गाठा, नाहीतर पक्के मैदान मोजून घ्या. पहिली फेरी ७५ सेकंदांत मारणारे तिसऱ्या फेरीत ढेपाळतात, दर वेळी.

खरे गळतात ते पुलअप्सवर. सैन्यभरतीच्या पद्धतीत दहा काढले तर पूर्ण ४० गुण, सहाला १६. झोका घेऊन मारलेला पुलअप मोजत नाहीत. हात पूर्ण सरळ, मग हनुवटी दांड्याच्या वर, पुन्हा हात सरळ. अर्ध्यावरून परत वर गेलात तर आकडा तिथेच थांबतो. ज्याला एकही येत नाही त्याने वर उडी मारून पाच सेकंदांत हळूहळू खाली उतरण्याचा सराव करावा. जोर उतरतानाच येतो. नऊ फुटांचा खड्डा आणि नागमोडी तुळईवरून तोल सांभाळत चालणे (झिगझॅग) यांत गुण नसतात, पण पार करावेच लागतात. निकषांत अधूनमधून बदल होतात, त्यामुळे त्या त्या वेळची जाहिरात प्रमाण मानायची.

वैद्यकीय तपासणीत कानातला मळ, सपाट तळवे, फुगलेल्या शिरा, रंगांधळेपणा ही नेहमीची कारणे. कान आधीच डॉक्टरांकडून साफ करून घ्या. टॅटू फक्त हाताच्या आतल्या बाजूला कोपर ते मनगट किंवा पंजाच्या मागे चालतो. दंडावर गोंदवले असेल तर अडचण.

आणि कागद! धावण्यात निघालेला मुलगा कागदात अडकलेला पाहिला की फार वाईट वाटते. गोव्यात ही भानगड जास्त. गावकर, नाईक, कामत ही आडनावे एका दाखल्यावर आजच्या स्पेलिंगने आणि दुसऱ्यावर पोर्तुगीज वळणाने लिहिलेली असतात. वडिलांचे नाव कुठे मध्ये असते, कुठे गायब. जन्मदाखला, दहावीची गुणपत्रिका आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. फरक असेल तर दुरुस्ती भरतीच्या रॅलीच्या कितीतरी आधी सुरू करा, ती आठवड्यात होत नाही. मामलेदारांचा रहिवासी दाखला, सहा महिन्यांच्या आतला चारित्र्य दाखला, जातीचा दाखला, सगळ्यांच्या मूळ प्रती आणि दोन झेरॉक्स संच लागतील असे धरून चाला. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला जन्मनोंद केलेल्यांनी आधी वकील गाठावा. टीए फक्त भारतीय नागरिकांसाठी आहे.

अधिकारी व्हायचे असेल तर पदवी आणि स्वतःच्या उत्पन्नाचा पुरावा हवा. त्यानंतर लेखी परीक्षा, मुलाखत, एसएसबी म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची चाचणी, आणि वैद्यकीय. स्त्रियांनाही हा मार्ग खुला आहे. धोनीची २०११ मधली लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा मानद, तो मार्ग आपल्यासाठी नाही.

गोवा सोडणे शक्यच नसेल तर होमगार्डकडे पाहा. हे राज्याचे दल. मुंबई प्रांतात ६ डिसेंबर १९४६ ला सुरू झालेले, 'निष्काम सेवा' हे ब्रीद असलेले. जुन्या गोव्याचे फेस्त, कार्निव्हल, शिगमो, निवडणूक, वाहतूक, सगळीकडे पोलिसांच्या जोडीला हीच माणसे उभी असतात. मोबदला दिवसाच्या ड्युटी भत्त्याने. महिनाभर ड्युटी केली तर तो पोलीस शिपायाच्या किमान वेतनाइतका व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये सांगितले. पण भत्ता ड्युटी मिळाली तरच. म्हणून नाव नोंदवताना दर विचारून थांबू नका. आधीपासून असलेल्या होमगार्डांना महिन्याला प्रत्यक्षात किती दिवस बोलावतात आणि भत्ता किती दिवसांनी खात्यात जमा होतो, हेही विचारा.