तीनशेपंधरा: काडतुसाला नावं ठेवण्याआधी मॅगझिन बघा

निवडणुकीत जमा केलेली रायफल परत घेताना मॅगझिन (काडतुसं भरायची डबी) आपलंच आहे ना, तेवढं तपासून घ्या. बाकीचं पुढं सविस्तर लिहिलंय, पण ज्यांना वेळ नाही त्यांनी निदान एवढं वाचून जावं.

माझ्याकडं इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ (तीनशेपंधरा) रायफल आहे. आण्णांची होती, वारसानं माझ्या परवान्यावर आली. गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या कडेला. भुईमूग, मका, थोडा ऊस आणि रात्री रानडुकरं. भुईमूग भरायला लागला की कळप येतो आणि एका रात्रीत वाफेच्या वाफे नांगरून जातो. वनखात्याकडं अर्ज करायचा, पंचनामा, परवानगी, मग राखण. मारलेलं डुक्कर त्यांच्या ताब्यात द्यायचं. शिवाय अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला हत्याराची नोंद वनखात्याकडंही करावी लागते. आमचे निम्मे लोक हे विसरतात आणि मग कागद शोधत फिरतात.

रायफलची माहिती सगळ्यांना आहे. ली अ‍ॅक्शन, म्हणजे हातानं बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा दांडा) मागंपुढं करायची जुनी विलायती रचना, पाच काडतुसांचं मॅगझिन, तेच ते. मी थेट काडतुसावर येतो.

.३१५ म्हणजे मुळात ऑस्ट्रियाच्या मॅन्लिखर रायफलीचं ८×५० रिमवालं काडतूस, १८९० च्या सुमाराचं. इंग्रजांनी .३०३ हे फौजेचं बोअर (नळीचं माप) म्हणून हिंदुस्थानात सामान्य माणसाच्या हाती पडू दिलं नाही. म्हणून बीएसए या इंग्रज कंपनीनं तीच ली अ‍ॅक्शन घेऊन .३१५ मध्ये शिकारी रायफली काढल्या, पुढं इशापूरनं तोच धडा गिरवला. खुद्द ऑस्ट्रियानं १९३० ला हे काडतूस सोडून ८×५६ घेतलं. म्हणजे माहेरी कुणी विचारत नाही आणि इथं पाटणच्या शिवारात अजून चाललंय. १९०७ ला .४५० बोअरवर अशीच बंदी आली तेव्हा विलायती कारखानदारांनी .४६५, .४७० असली भारी बोअरं पुढं केली. आज त्या रायफली बघायला मिळतात, पण त्यांचं काडतूस परवडेल असा माणूस माझ्या ओळखीत नाही. तीनशेपंधराचं निदान इथं तयार होतं आणि दुकानात मिळतं. माझ्या लेखी अर्धा निकाल इथंच लागला.

तरी सुरुवातीला मी या काडतुसावर खूश नव्हतो. २४४ ग्रेनची जड गोळी, वेग सेकंदाला दोन हजार फुटांच्या आसपास. .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी सत्तावीसशेच्या वर जाते. दीडशे मीटरच्या पुढं तीनशेपंधराची गोळी चांगलीच खाली बसते आणि खांद्याला धक्का मात्र पुरेपूर देते. आमच्या पाव्हण्यांकडं .३०-०६ आहे. ते दर भेटीत माझ्या रायफलीकडं बघून हसायचे. मलाही वाटायचं, विकून टाकावी. हत्यार कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं, त्यात बारा बोअरची छर्ऱ्याची बंदूक घरात आहेच. तेव्हा नवी घ्यायची तर ही जायलाच हवी.

मग पहिल्या हंगामात माळ्यावरून जे बघितलं त्यानं मत बदललं. आमच्याकडं दीडशे मीटर दिसतंच कुठं? मक्याच्या कडेपासून बांधापर्यंत चाळीस-पन्नास पावलं, मधे टॉर्चचा उजेड. तेवढ्यात बारा बोअरची एलजी (मोठ्या छर्ऱ्यांचं काडतूस) मोठ्या नराला थांबवेलच असं नाही, जखमी होऊन उसात शिरला तर सकाळी कोण जाणार आत? तीनशेपंधराची जड गोळी खांद्यामागं लागली आणि नर दहा पावलांत बसला. गोळी हळू असल्यानं मांसाचा चिखलही होत नाही. माळ्यावरून खाली तोंड करून मारली की चुकली तरी मातीत जाते. शिवारात माणसं झोपलेली असतात, तेव्हा हे मला वेगापेक्षा मोठं वाटतं.

इथवर सगळं छान. मग विधानसभा आली, आचारसंहिता लागली, हत्यारं जमा करायचा निरोप आला. मी रायफल नेहमीच्या दुकानात डिपॉझिटला ठेवली, पावती घेतली, महिन्याचं भाडं ठरलं. निकालानंतर सोडवून आणली. आणि त्यानंतरच्या पहिल्याच राखणीला बोल्ट अर्ध्यात अडकला.

आता रिमचं प्रकरण. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमपुढं असायला हवी. ती मागं गेली की बोल्ट वरचं काडतूस ढकलतो, ते खालच्याला ओढतं, गोळीचं टोक खाली मुंडी घालतं आणि सगळं आवळून बसतं. भरताना आपण नीट भरतो. प्रत्येक काडतूस मागून अंगठ्यानं दाबत खालच्या रिमच्या पुढून सरकवायचं, हे मला आण्णांनी लहानपणी नुसत्या पुंगळ्यांवर शिकवलंय. तरी अडकत होतं. बाहेर काढलं की रिमा बरोबर, आत घातलं की अडकलं. समोर मक्यात कळप कडाकडा दाणे फोडतोय आणि मी टॉर्च दातात धरून बोल्ट मागं ओढतोय. पाव्हण्यांचं हसणं आठवलं. त्या रात्री मी .३०-०६ चा पक्का विचार केला. बिनरिमचं काडतूस, ही भानगडच नाही.

सकाळी उजेडात मॅगझिन काढून उलटं केलं. आण्णांनी बुडाला लाल ऑइलपेंटचा ठिपका दिला होता. ठिपका नव्हता. घासून गेल्याची खूणही नव्हती. वरचे दोन ओठ बघितले तर डावा आत वळलेला, उजवा मोकळा, आणि पुढच्या भिंतीला पोचा. म्हणजे कुणातरी दुसऱ्याचं मॅगझिन माझ्या रायफलीला लावून दिलं होतं.

दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "अहो साहेब, मॅगझिनं सगळी सारखीच असतात." नसतात! ली अ‍ॅक्शनला मॅगझिन रायफलीगणिक बसवून घ्यावं लागतं, ओठांचा कोन थोडा इकडंतिकडं झाला की काडतूस वर येण्याची वेळ चुकते. म्हटलं, पावती बघा. पावतीवर रायफलचा नंबर, बोअर, मेक, पट्टा असल्याचीसुद्धा नोंद. मॅगझिनचा शब्द नाही. त्यांनी पावती माझ्याकडं सरकवली आणि चहा मागवला. चहा मी घेतला नाही. त्या हंगामात तिथं रायफली ठेवलेल्या माझ्यासारख्यांपैकी कुणाकडं तरी लाल ठिपक्याचं मॅगझिन आहे आणि ते त्याच्या रायफलीत अडकत असणार. दुकानदार फोन लावायला तयार नाही. "कुणाकुणाला विचारू?" म्हणे. रजिस्टर तर त्यांच्याचकडं आहे.

शेवटी सांगलीकडच्या एका परवानाधारक कारागिराकडं गेलो. म्हातारा माणूस, बोलणं कमी. डमी काडतुसं भरली, बोल्ट सावकाश पुढं सारून डोळा लावून बघितलं, पक्कडनं डावा ओठ किंचित बाहेर घेतला, पुन्हा बघितलं. पोचा आतून लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकून काढला. मग पाचही काडतुसं एकामागून एक आत गेली आणि बाहेर आली. घेतलेले पैसे इतके कमी की मीच ओशाळलो. जाताना रिमची बाजूही त्यांनीच सांगितली. रिमवाल्या काडतुसाचं हेडस्पेस, म्हणजे नळीत ते किती आत बसायचं ते माप, रिमवर असतं, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) थोडं झिजलं तरी ते तेवढं मनावर घेत नाही. पुंगळी निमुळती, एक्स्ट्रॅक्टरला (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याला) धरायला भरपूर कड, त्यामुळं धुळीत, चिखलात रिकामी पुंगळी चट बाहेर येते. माझ्या रायफलीत आजवर पुंगळी अडकलेली नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

तेव्हा .३०-०६ चा विचार बंद. एनओसी, विक्री, नवी नोंद, त्यात पुन्हा काडतुसांचा खर्च, कशाला? चालू हंगामात रायफल एकदाही अडकलेली नाही. रात्री मी चारच भरतो, स्प्रिंगवर ताण कमी. ज्यांना जुनी .३१५ घ्यायची आहे त्यांनी नळीत टॉर्च मारण्याआधी मॅगझिनमध्ये डमी भरून बोल्ट चालवून बघावा. बहुतेक जण नळीच बघत बसतात.

डिपॉझिटचं भाडं मी अजून दिलेलं नाही. दुकानदाराचा निरोप येतो, मी मॅगझिनचा निरोप परत धाडतो. पुढची निवडणूक लागली की रायफल दुसऱ्या दुकानात जाईल आणि मॅगझिनच्या बुडावर या वेळी पंचनं माझ्या आडनावाचं अक्षर ठोकलंय. पावतीवर तेही लिहून घेईन, नाहीतर पावती घेणारच नाही.