सुकाणूवाल्याविना फेरीबोट: एका जुन्या सुकाण्याचा अभिप्राय
वीस वर्षं सुकाणू धरलेला माणूस मी, त्यामुळे या स्वयंचलित फेरीबोटीत चढलो तो खोड काढायच्याच तयारीने. धक्क्याला लागताना मात्र गप्प बसलो. आडवा वारा असूनही बोट इतकी अलगद टेकली की उभ्या आजीबाईंनी कठडासुद्धा धरला नाही. लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) धक्क्याचं अंतर सतत मोजतो आणि त्यानुसार थ्रस्टरचा, म्हणजे बोटीला ढकलणाऱ्या पंख्यांचा, जोर बदलतो. आम्ही हे नजरेने आणि थोड्या शिव्यांनी करायचो. २०१८ मध्ये फिनलंडची ‘फाल्को’ फेरी माणसाचा हात न लागता पलीकडे गेली, तेव्हा मी हसलो होतो.

तक्रार एकच. उजवीकडून वल्ह्याची होडी आली. तिच्यावर एआयएस (आपली ओळख आणि जागा रेडिओवरून कळवणारं यंत्र) नाही, रडारवर जेमतेम ठिपका. सगळी भिस्त कॅमेऱ्यावर. बोटीने तिला ओळखलं, पण उशिरा, आणि जागीच थांबली. थांबणं नियमात बसतं, पण १९७२ चे समुद्रात टक्कर टाळायचे आंतरराष्ट्रीय नियम वेळेवर हालचाल करा म्हणतात, समोरच्याला कळेल अशी. होडीवाला बिचारा वल्हं वर धरून बघतच राहिला.

चार तारे. धुक्यात पुन्हा बसून बघणार आहे.