यात्रेच्या नाटकाला रोमिओ-ज्युलिएट घ्यायचं की ऑथेल्लो?

यंदा यात्रेला प्रेमाची शोकांतिकाच करायची असं ठरवलेल्या मंडळांसाठी लिहितोय. शेक्सपिअरची ही दोन्ही नाटकं आमच्या मंडळानं केलीत, त्यातला अनुभव सांगतो, सगळी गोष्ट सांगत बसत नाही. वरवर बघितलं तर एकात नशीब मारतं आणि दुसऱ्यात माणूस स्वतःच्या हातानं सगळं संपवतो.

रडवायला रोमिओ-ज्युलिएट भारी, त्यात वाद नाही. दोघं मरणार हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं असतं तरी बायका पदर डोळ्याला लावतातच. ज्युलिएट खरी मेलेली नाही, नुसतं सोंग आहे, हे रोमिओला कळवायची चिठ्ठी घेऊन निघालेला साधू प्लेगच्या संशयावरनं एका घरात कोंडला जातो, तो प्रसंग तर आमच्याकडं समजावून सांगावाच लागत नाही, प्लेगात गाव सोडून शेतात झोपड्या घातल्याच्या गोष्टी म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या आणि कोरोनातली सील केलेली घरं तर सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेली.

पण मला खटकलं ते ह्या चिठ्ठीपाशीच. नाटक सुटल्यावर जो तो म्हणत होता, "चिठ्ठी पोचली असती तर वाचली असती की हो पोरं, नशीबच फुटकं." अहो, पण ज्युलिएटच्या बापाचं काय? हाच बाप पोरीला म्हणालेला, मी सांगतो त्याच्याशी लग्न कर नाहीतर रस्त्यावर भीक मागून मर. वर लग्न एक दिवस अलीकडं ओढलं ते पण त्यानंच. त्याच्याबद्दल कोण एक शब्द बोललं नाही! आमच्या सीमाभागात मुलगा मराठी मुलगी कन्नड, किंवा जात आडवी आली, की घरातलेच लग्न मोडतात आणि मग सगळ्या पावण्यांना सांगतात, "योग नव्हता." माझ्या जवळच्या नात्यात हे झालंय, त्या पोरीचा चेहरा मी बघितलाय, म्हणून मला ते "नशीब" ऐकवत नाही.

ऑथेल्लोत पण योगायोग आहेच, बायकोचा रुमाल पडतो तो चुकूनच, आणि तोच तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जातो. पण बायकोवर विश्वास ठेवायचा की तिच्याबद्दल कान भरणाऱ्या हाताखालच्या इयागोवर हे ऑथेल्लो स्वतः ठरवतो, आणि तिनं गयावया केली तरी थांबत नाही. गंमत बघा, ज्युलिएटच्या मामेभावाला, टिबॉल्टला मारल्यावर रोमिओ नशिबाला दोष देतो आणि बायकोला मारल्यावर ऑथेल्लो पण म्हणतो की नशिबापुढं कोणाचं चालतं. रोमिओचं लोकांना पटतं. ऑथेल्लोचं आमच्या मंडपात कोणालाच पटलं नाही, मागं बसलेल्या एका आजींनी तर मोठ्यानं शिवी घातली त्याला.

आता तुमच्याकडं कॉलेजची पोरंपोरी जास्त असतील, तलवारबाजी करायची हौस असेल तर रोमिओ-ज्युलिएट घ्या, वाईट काहीच नाही त्यात. फक्त बापाचा तो प्रवेश कापू नका, वेळ वाचवायला पहिली कात्री तिथंच लागते.

मला विचाराल तर ऑथेल्लो. मराठीत ऑथेल्लोवरनं केलेला नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचा 'झुंजारराव' आहेच, १८९० चा, आणि देवल शिकले ते आपल्या बेळगावातच. भाषा जुनी आहे, थोडी सोपी करून घ्यावी लागेल. आणि इयागोचं काम देताना मंडळातला सगळ्यात गोड बोलणारा माणूस बघा, मिशीला पीळ देणारा खलनायक नको.