पाणी काढावं, अँटिफ्रीझ भरावं, हीटर लावावा की थांबावं? एप्रिलमधल्या बोटीचा हिशोब

अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या लेक मिनेटोंकावरचा बर्फ 2018 साली 5 मेला गेला आणि 2024 साली 13 मार्चला. तळं तेच, फरक साडेसात आठवड्यांचा. त्यामुळे ‘बोट पाण्यात कधी घालू?’ याचं उत्तर मिनेसोटात कॅलेंडर बघून देता येत नाही. शिवाय बर्फ गेला म्हणजे थंडी गेली असंही नाही. एप्रिलमध्ये दुपारी नुसत्या शर्टावर फिरावं आणि त्याच रात्री पारा शून्याखाली पाच अंश जावा, हे इथलं नेहमीचंच. वॉलआय माशाचा हंगाम मेच्या मध्याच्या सुमारास उघडतो, पण क्रॅपी मासा वर्षभर धरता येतो, म्हणून हौशी मंडळी रॅम्पवरचा (बोट पाण्यात सोडायच्या उतारावरचा) बर्फ वितळायचीच वाट बघत असतात. इंजिनं फुटतात ती बऱ्याचदा या दिवसांत. जानेवारीत इंजिन कोरडं असतं. एप्रिलमध्ये आपणच त्यात पाणी भरलेलं असतं.

कोकणात होड्या पावसाळ्याआधी वर ओढून झापांनी शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून पुन्हा पाण्यात जातात. तिथे घाई केली तर गाठ लाटांशी पडते. इथे घाई केली तर तळं काही करत नाही, घात करतो तो इंजिनात राहिलेला तांब्याभर पाण्याचा साठा. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, आणि इंजिनाच्या बिडाच्या ओतीव ब्लॉकला ताणलं जाणं माहीत नाही. तो तडकतो.

एक गैरसमज आधी काढून टाकतो. ब्लॉकवरच्या गोल पत्र्याच्या बुचांना सगळे ‘फ्रीझ प्लग’ म्हणतात आणि गोठलं की तेच उडून ब्लॉक वाचवतील असं धरून चालतात. ती भोकं ओतकामातली वाळू काढण्यासाठी ठेवलेली असतात. कधी बूच उडतं, कधी ब्लॉक फुटतो, कधी दोन्ही. त्यावर विसंबू नये.

आउटबोर्डवाल्यांनी एवढंच वाचावं

इंजिन मागे टांगलेलं आउटबोर्ड असेल तर तुमची काळजी फार थोडी आहे. इंजिन उभं सोडलं की त्यातलं पाणी आपोआप गळून जातं. ट्रेलरवर घेतल्यावर ते पूर्ण खाली करा, दोन मिनिटं थांबा, आणि रात्री तसंच उभं ठेवा. वर उचलून ठेवलं तर प्रोपेलरच्या हबमध्ये पावसाचं पाणी साचून गोठतं आणि खालचा गिअरकेस फोडू शकतं. गिअर ऑइल दुधाळ दिसत असेल तर सीलमधून पाणी आत जातंय. ते पाणीही गोठतं. ते दुरुस्त होईपर्यंत बोट बाहेर काढू नका. बाकी खुशाल जा.

खरा प्रश्न आहे इनबोर्ड आणि स्टर्नड्राइव्हवाल्यांचा, म्हणजे ज्यांचं इंजिन बोटीच्या पोटात आहे आणि तळ्याचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरतं. वापरलेली, पंधरा-वीस वर्षांची बोट घेतली असेल तर ती याच जातीची असण्याची शक्यता मोठी.

बोट रात्री झोपते कुठे?

उपायांची तुलना करण्याआधी हे ठरवा, कारण चारही पर्यायांची किंमत यावरच बदलते. पहिल्यांदा ऐकल्यावर उलटं वाटतं, पण एप्रिलच्या थंड रात्री सर्वात सुरक्षित बोट ती, जी पाण्यात आहे. बर्फ गेल्यानंतरच्या तळ्याचं पाणी शून्याच्या चार-सहा अंश वर असतं. इंजिन बसलेलं असतं पाण्याच्या पातळीच्या जवळपास, त्यामुळे बोटीच्या सालीतून ती ऊब आत पोचत राहते. एखाद्या रात्रीचा हलका कडाका इंजिनाला जाणवतही नाही.

ट्रेलरवरच्या बोटीला मात्र चारही बाजूंनी गार हवा. आणि लोक ज्याला हमखास फसतात ती म्हणजे लिफ्ट, धक्क्याशी बोट पाण्याबाहेर उचलून धरणारा सांगाडा. बोट धक्क्यालाच आहे, खाली पाणी दिसतंय, म्हणून वाटतं की ती पाण्यात आहे. ती हवेत टांगलेली आहे. ट्रेलरचाच हिशोब तिला लागू. थंडीचा अंदाज असेल त्या रात्री लिफ्ट खाली करून बोट तरंगती ठेवणं हा फुकटातला उपाय आहे, आणि तो फारच थोडे जण करतात. वादळी वारा असेल तर अर्थातच नको.

अंदाज वाचायचीही एक रीत आहे. विमानतळाचं तापमान बघू नका. शहराच्या उबेत ते वर असतं, आणि तुमची बोट उभी आहे त्या सखल भागात निरभ्र, निवांत रात्री त्याहून बरंच खाली जातं. वाऱ्याची ‘जाणवणारी’ थंडी इंजिनाला जाणवत नाही: हवा +1 असेल तर कितीही वारा सुटला तरी पाणी गोठणार नाही. पण हवा -3 असेल तर वारा इंजिनातली ऊब लवकर पळवतो. ट्रेलर-लिफ्टवरच्या बोटीसाठी माझा नियम असा: अंदाजात 28 फॅरनहाइट, म्हणजे -2 सेल्सिअस दिसलं की पाणी काढायचं. 31 फॅरनहाइटला तास-दोन तासांत ब्लॉक गोठत नाही, लोखंडाच्या एवढ्या ढिगाला गार व्हायला वेळ लागतो. पण त्या दोन तासांचे पाच तास कधी होतात ते झोपलेल्या माणसाला कळत नाही.

थांबणं

पहिल्या वर्षीच्या मालकाला माझा सल्ला हाच, आणि तो कुणालाच आवडत नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबलात तर बाकीचं वाचायची गरज नाही. खर्च शून्य, धोका जवळजवळ शून्य, गमावता तीन-चार शनिवार. स्वतःच्या इंजिनाचे ड्रेन प्लग, म्हणजे पाणी सोडायची बुचं, कुठे आहेत ते अंधारात हाताने सापडत नसतील, तर थांबा.

पाणी काढणं

ट्रेलरवरच्या बोटीसाठी मी हाच पर्याय पहिला धरतो. खर्च काही नाही, विजेवर अवलंबून नाही, आणि नीट केलं तर कोरड्या इंजिनात गोठायला काही उरतच नाही. अडचण सगळी त्या ‘नीट’मध्ये आहे.

व्ही-6 किंवा व्ही-8 स्टर्नड्राइव्हला ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना एकेक प्लग, दोन्ही एक्झॉस्ट मॅनिफोल्डना (धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव नळ्यांना) एकेक, शिवाय पाण्याच्या पंपाचा सर्वात खालचा होज (रबरी नळी) काढावा लागतो. पॉवर स्टिअरिंगचा कूलर वेगळा. एकूण पाच ते सात जागा, त्यातल्या दोन तरी अशा की कोपर कुठे ठेवावं ते कळत नाही. काही नव्या मर्क्रुझर इंजिनांवर एकाच ठिकाणाहून सगळं पाणी सोडायची सोय असते. तुमच्यावर ती असेल तर हा पर्याय आणखी सोपा. सोय असली तरी पाणी खरंच बाहेर पडताना डोळ्यांनी बघा.

कारण प्लग काढणं म्हणजे पाणी काढणं नव्हे. पहिल्या वर्षी मी डावा प्लग काढला, कपभर गढूळ पाणी आलं, थांबलं. मी समाधानाने प्लग परत लावणार, तेवढ्यात शेजारच्या बोटीवरचे म्हातारे गृहस्थ म्हणाले, तार घाल. कपड्यांच्या हँगरची तार सरळ करून आत खुपसली, गंजाचा एक खपला हलला आणि दीड-दोन लिटर पाणी भसकन माझ्या बाहीत आलं. ते पाणी आत राहिलं असतं तर ती बोट माझी शेवटची ठरली असती. ब्लॉकच्या तळाशी गंज आणि वाळू बसतेच. प्रत्येक भोकात, प्रत्येक वेळी तार. ही सवय जडवायला अख्खा एप्रिल लागतो.

जागा पाठ झाल्यावर हे काम वीस मिनिटांचं आहे. प्लग एका डब्यात ठेवा आणि किल्ली त्याच डब्यात टाका, म्हणजे सकाळी प्लग न लावता इंजिन सुरू करायचा प्रसंग येणार नाही. मिनेसोटाच्या कायद्याप्रमाणे आक्रमक जलजीव पसरू नयेत म्हणून रॅम्पवरून निघण्याआधी बिल्ज (बोटीचा आतला तळ) आणि लाइव्हवेल (मासे जिवंत ठेवायची टाकी) रिकामे करावेच लागतात, बोटीचा ड्रेन प्लग काढूनच रस्त्यावर यावं लागतं. म्हणजे तुम्ही गुडघ्यावर बसलेलेच असता. इंजिनही तेव्हाच उरकता येतं.

वेकबोर्डच्या बोटी मात्र या पर्यायाला त्रास देतात. त्यांच्यात केबिनचा हीटर, शॉवर, वजनासाठी पाणी भरायच्या बॅलास्ट टाक्या असे पाण्याचे बरेच आडमार्ग असतात. ब्लॉक कोरडा आणि हीटरचा कोअर फुटलेला, असं तिथे घडतं. तो होज सोडवून फुंकर मारून रिकामा करावा लागतो.

गुलाबी अँटिफ्रीझ

गोठण्यापासून वाचवणाऱ्या या द्रवाच्या डब्यावर -50 लिहिलेलं असतं आणि लोक निर्धास्त होतात. ते -50 फॅरनहाइट आहे, साधारण -45 सेल्सिअस. आणि तो आकडा पाइप न फुटण्याचा आहे, न गोठण्याचा नाही. -11 सेल्सिअसच्या आसपासच त्याचा बर्फाळ चिखल व्हायला लागतो. चिखलाने ब्लॉक फुटत नाही, म्हणून तेवढ्याने बिघडत नाही. बिघडतं ते पाण्यात मिसळल्यावर. ब्लॉकमध्ये आधीच पाच लिटर पाणी असेल आणि वरून तेवढंच अँटिफ्रीझ ओतलंत, तर डब्यावरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

दुसरी फसगत थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापल्यावरच उघडणाऱ्या झडपेची. बादलीतून अँटिफ्रीझ ओढून घेत गार इंजिन सुरू केलं की ते मॅनिफोल्डमधून वळसा घालून एक्झॉस्टमधून बाहेर पडतं. मागे गुलाबी धार दिसते, आपण खूश, आणि थर्मोस्टॅट बंद असल्यामुळे ब्लॉकमध्ये थेंबही गेलेला नसतो. बरोबर रीत म्हणजे आधी पाणी काढा, मग वरच्या होजमधून अँटिफ्रीझ ओता. म्हणजे हा पर्याय निवडला तरी आधीचं काम टळत नाही. व्ही-8 ला पंधरा-वीस लिटर सहज लागतं, आणि पुढच्या शनिवारी ते सगळं तळ्यात जाऊ द्यायचं नसेल तर धरून ठेवायची व्यवस्थाही हवी.

दर आठवड्याला बोट काढणाऱ्याला हे झेपत नाही. दोन-तीन आठवडे गावाला जायचं असेल तर मात्र याच्याइतकं निर्धास्त काही नाही. घेताना डब्यावर प्रोपिलीन ग्लायकॉल असल्याची खात्री करा. गाडीत सर्रास असतं ते इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री ते चाटतात.

हीटर

कागदावर हा सर्वात सुखाचा पर्याय: बोट धक्क्याला, वायर लावलेली, पारा उतरला की हीटर आपोआप सुरू. पण इंजिन पेट्रोलचं असेल तर आधी एक गोष्ट समजून घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बिल्जमध्ये तळाशी साचते. तिथे घरातला हीटर ठेवणं, किंवा जुन्या लोकांची युक्ती म्हणून 100 वॅटचा दिवा लटकवणं, म्हणजे ठिणगीला आमंत्रण. त्या जागेसाठी ठिणगी बाहेर न पडू देणारे, मरीन प्रमाणित हीटर मिळतात, काहीशे वॅटचे. ते महाग असतात. पैसे वाचवायचे असतील तर हा पर्यायच सोडा, स्वस्त हीटर घेऊ नका.

प्रमाणित हीटरही विजेवरच चालतो, आणि वीज नेमकी जाते ती वाईट रात्री. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासमध्ये कडाका पडला तेव्हा 45 लाखांहून अधिक घरं आणि दुकानं अंधारात गेली. डॅलस-ऑस्टिनकडच्या आपल्या मंडळींनी घरातले नळ फुटलेले पाहिले. हीटरवर सोडलेल्या बोटींचा तेव्हा काय आधार होता? धक्क्यावरचा ब्रेकर ओलाव्याने उडायला तर वादळही लागत नाही. म्हणून पाण्यात तरंगणाऱ्या बोटीला जोड म्हणून हीटर चांगला. ट्रेलरवरच्या बोटीचा एकमेव रखवालदार म्हणून मी तो ठेवणार नाही.

बंद कूलिंगचं काय?

नवी बोट बघत असाल तर विक्रेता सांगेल की हिच्यात बंद कूलिंग आहे, ब्लॉकमध्ये कायमचं कूलंट, गोठायची भीती नाही. अर्धं खरं आहे. ब्लॉकमधलं अर्धं-अर्धं मिश्रण साधारण -37 सेल्सिअसपर्यंत तग धरतं. पण त्या कूलंटला थंड करणाऱ्या हिट एक्स्चेंजरमध्ये तळ्याचं पाणी येतंच, आणि बऱ्याच इंजिनांत मॅनिफोल्डमध्येही. ते काढावंच लागतं. फरक एवढा की सात जागांच्या ऐवजी दोन-तीन, आणि चुकलात तर ब्लॉक बदलण्याऐवजी एक्स्चेंजर बदलावा लागतो. तरी याच हंगामात चार-पाच वेळा लवकर जाणार असाल, तर नवी बोट घेताना त्यासाठी जास्त पैसे मोजायला माझी हरकत नाही. जुन्या बोटीवर नंतर बसवायला हजाराहून जास्त डॉलर जातात. तेवढ्यासाठी मी बसवणार नाही.

मग कुणी काय करावं?

ट्रेलर, स्टर्नड्राइव्ह, दर शनिवारी क्रॅपी: पाणी काढा, दरवेळी. धक्क्याला तरंगणारी बोट, वीज आहे: हलक्या थंडीला काही करू नका, -4 सेल्सिअसच्या खालच्या अंदाजाला प्रमाणित हीटर, आणि त्याहून खाली दोन रात्री सलग असतील तर पाणी काढाच. लिफ्टवर असेल तर आधी ती खाली आणा. भारतात लग्नाला निघालात आणि बोट बाहेरच राहणार: पाणी काढून, वर अँटिफ्रीझ. विम्यावर भिस्त असेल तर पॉलिसी आज वाचा. गोठून झालेलं नुकसान अनेक पॉलिसींमधून वगळलेलं असतं आणि त्याचं वेगळं कलम पैसे भरून घ्यावं लागतं.

आणि एखादी रात्र हुकलीच तर सकाळी घाईने किल्ली फिरवू नका. आत बर्फ असताना पाण्याचा पंप फिरला तर त्यातल्या फिरत्या चाकाची, म्हणजे इंपेलरची, पाती तुटतात. दुपारपर्यंत पूर्ण वितळू द्या, प्लग काढून बघा पाणी येतंय का, बिल्जमध्ये नवं थारोळं दिसतंय का. मग ऑइलची काडी ओढा. ऑइल नेहमीच्या रंगाचं असेल तर धक्क्यालाच, पाण्याच्या होजवर दहा मिनिटं चालवा आणि काडी पुन्हा ओढा. दुसऱ्यांदा ती चहासारखी दुधाळ आली, तर इंजिन तिथेच बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा.