२० गेज की २८ गेज?

मिनेसोटात राहणाऱ्या भाच्याचा फोन आला, "मामा, रानपक्ष्यांच्या शिकारीसाठी पहिली शॉटगन, छर्र्यांची बंदूक, कुठली घेऊ?"

गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप; आकडा मोठा तितकी नळी बारीक. पण खरा फरक काडतुसात आहे. २८ मध्ये साधारण पाऊण औंस, म्हणजे २१ ग्रॅम छर्रे. २० मध्ये सहज एक औंस, २८ ग्रॅम. थंडी पडल्यावर फेजंट या कोंबड्यासारख्या रानपक्ष्याचा नर बिचकून लांबूनच उठतो. चाळीस यार्डांवर २८ ला तेच सात ग्रॅम कमी पडतात. जखमी पक्षी गवतात हरवला की मला रात्रभर चैन पडत नाही. जिथे शिशाच्या छर्र्यांना बंदी आहे, तिथे पोलादी छर्रे वापरावे लागतात. ते हलके, म्हणून २८ आणखी मागे पडते.

हातात मात्र २८ सुरेख. तिच्याच मापाच्या लहान सांगाड्यावर बनवलेली असेल तर दिवसभर झाडीत फिरूनही मनगट भरून येत नाही, खांद्याला धक्काही कमी. काडतुसं महाग, लहान गावात सहसा मिळत नाहीत.

वुडकॉक, बॉबव्हाइट क्वेल, दाट झाडीतला ग्राउस असे पक्षी, सगळं पंचवीस यार्डांच्या आत आणि कुत्रा चांगला असेल, तर २८ घे. एकाच बंदुकीत फेजंटही हवा असेल, तर २०.