आमच्या डब्याचा रिव्ह्यू, केंद्राचं नाव न लिहिता

सव्वा वर्ष झालं आम्ही या पोळी-भाजी केंद्रातून डबा घेतोय. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभरापुरता म्हणून लावला होता आणि मग बंद करावासा वाटलाच नाही. रिव्ह्यू लिहायचं कधीपासून डोक्यात होतं, पण नाव लिहायचं नाही, पत्ता द्यायचा नाही, पुण्यात पेठेत आहे की उपनगरात तेही सांगायचं नाही, मग लिहिणार काय म्हणून राहून जात होतं. शेवटी केंद्र ज्या चालवतात त्या ताईंनाच विचारलं. त्या पोळ्या मोजता मोजता म्हणाल्या, "नाव-गाव सोड, बाकी सगळं लिही." म्हणून लिहितेय, आणि एक-दोन खुणेच्या गोष्टी मुद्दाम बदलल्यात.

कारण असं की तिथे ज्या आठ-नऊ जणी काम करतात त्यातल्या बहुतेक घरातल्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या आहेत. एकीचा नवरा अजून तिला शोधतोय, एकीचा दीर दोनदा येऊन दारात शिवीगाळ करून गेला. दोघी-तिघी अजून त्याच घरात राहतात आणि फक्त सकाळचे पाच तास इथे येतात.

आधी जेवणाचं सांगते, कारण सव्वा वर्ष रोज कोणी कीव म्हणून जेवत नाही. घडीची पोळी १२ रुपये, फुलका १०, पूर्ण डबा ११० रुपये, त्यात तीन पोळ्या, दोन भाज्या, वरण किंवा आमटी, भात आणि कोशिंबीर. कणीक नीट तिंबलेली असते, पोळीला पदर सुटतात, रात्री आठला खाल्ली तरी वातड लागत नाही. तिथल्या एका मावशींच्या हातची पोळी तर मला आता बघूनच ओळखू येते, एका अंगाला जराशी लांबट असते. त्यांचं डावं मनगट मोडलं होतं आणि चार दिवस घरातल्या कोणी दवाखान्यात नेलं नाही, हाड वाकडं जुळलं, त्यामुळे डावीकडून लाटण्यावर जोर देता येत नाही, मग त्या लाटणं एका जागी ठेवतात आणि उजव्या हाताने पोळीच गरगर फिरवत नेतात. मी एकदा डब्यासाठी थांबले होते तेव्हा बराच वेळ बघत उभी राहिले. आई तर डबा उघडला की विचारते, लांबट पोळी आलीय का गं, तीच सगळ्यात मऊ असते.

भाज्यांमध्ये पीठ पेरलेली मेथी, भरली वांगी, मटकीची उसळ हे डोळे झाकून घ्या. भेंडी कधीकधी चिकट होते. आमटीत गूळ जरा जास्त पडतो, मी सांगून बघितलं, चार दिवस कमी होतो आणि परत तेच, स्वयंपाक करणाऱ्या काकूंच्या हाताचं वळणच तसं आहे. शनिवारी बंद. दुपारी दोननंतर फोन उचलत नाहीत. कोणत्याही ॲपवर नाहीत, घरपोच देत नाहीत, स्वतः जाऊन आणावा लागतो आणि रिकामा डबा धुऊनच परत द्यायचा, खरकटा दिला तर बोलतात, आणि ते बरोबरच आहे.

आता आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकदा जे झालं त्याबद्दल. एकांनी लिहिलं की तिथल्या बायका उद्धट आहेत, मी गरम पोळ्यांचा फोटो काढत होतो तर अक्षरशः हातातला फोन खाली करायला लावला, गिऱ्हाइकाशी असं वागतात का. त्यांचा राग मी समजू शकते, त्यांना माहीत नव्हतं. पण त्या फोटोत मागे उभी असलेली बाई कुठेतरी स्टेटसवर दिसली, कुणाच्या तरी मामेभावाने ओळखली, की दुसऱ्या दिवशी दारात माणूस उभा. असं एकदा झालंय. तेव्हापासून भिंतीवर "फोटो काढू नये" एवढंच लिहिलंय. ज्याला समजायचं त्याला समजतं. मी त्या ग्रुपवर तेव्हा काही बोलले नाही, आज इथे बोलतेय.

पगाराचं पण सांगते कारण ते मला आधी विचित्र वाटलं होतं. आपण पैसे क्यूआरवर देतो, पण तिथल्या बायकांना दर आठवड्याला रोख मिळतात. मी म्हटलं खात्यात का नाही टाकत, बचत तरी होईल. ताई म्हणाल्या, खातं हिच्या नावाचं, एटीएम कार्ड त्याच्या खिशात, मेसेज त्याच्या मोबाईलवर. जिला हवं तिच्यासाठी त्या वेगळ्या बँकेत नवीन खातं उघडायला स्वतः सोबत जातात, आणि ते होईपर्यंत पैसे रोख. कमावलेला पैसा काढून घेणं, घरखर्चाला न देणं हीसुद्धा हिंसा आहे असं २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लिहिलेलं आहे, मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं मारलं तरच.

आणि डबे. मागच्या खोलीत फळीवर पिठाचे मोठे स्टीलचे डबे आहेत, त्यातल्या चारांवर "नाचणी" अशी चिठ्ठी. खरी चिठ्ठी वेगळी आहे, मी नाचणी लिहिलंय. मी एकदा भोळेपणाने विचारलं की एवढी नाचणी आहे तर नाचणीची भाकरी का नाही करत, आईला चालेल. सगळ्या जणी एकदम गप्प. मग ताई म्हणाल्या, ती नाचणी विकायची नाही. खूप महिन्यांनी, ओळख झाल्यावर, त्यांनी एक डबा उघडून दाखवला. आत कापडी पिशवी, पिशवीत आधारची झेरॉक्स, लग्नाचा दाखला, पोराचा जन्मदाखला, पासबुक, दागिन्यांच्या पावत्या, सरकारी दवाखान्याचा केसपेपर, पाचशेच्या दोन नोटा, आणि लहान मुलाचा एक स्वेटर. ती बाई अजून घरातच राहतेय. ती निघेल का, कधी निघेल, कोणी विचारत नाही. ज्या रात्री निघावं लागेल त्या रात्री कपाट उघडायला वेळ नसतो म्हणून पिशवी इथे. दर महिन्याला मुलगा वाढतो तसा स्वेटर बदलते, आधीचा छोटा झाला की मोठा आणून ठेवते. मला ते ऐकून रात्री झोप लागली नाही. पावत्यांचं कारण पण सांगितलं, स्त्रीधन परत मागायचं तर कोर्टात काहीतरी दाखवावं लागतं.

हे सगळं मी का लिहितेय तर आपल्या शहरात कुणी ना कुणी हे असं करत आलंय. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये इथेच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसवल्या गेलेल्या विधवांनी येऊन गुपचूप बाळंत व्हावं म्हणून, तेव्हा तर गाव काय म्हणत असेल. आई सांगते तिच्या तरुणपणी १९८२ मध्ये नुकतंच लग्न झालेल्या मंजुश्री सारडा यांचा संशयास्पद मृत्यू झाला तेव्हा पुणं किती हललं होतं, त्याच अस्वस्थतेतून स्त्री-चळवळीतल्या विद्या बाळ आणि बाकीच्यांनी नारी समता मंच ही संघटना सुरू केली आणि "मी एक मंजुश्री" हे प्रदर्शन गावोगाव नेलं. आईच्या मैत्रिणीने ते बघितलं होतं, आणि घरी येऊन पहिल्यांदा सांगितलं की मलाही मारतात. आई म्हणते आम्ही दहा वर्षं शेजारी राहत होतो आणि मला ठाऊक नव्हतं. म्हणजे आवाज यायचे, पण मिक्सरचा आवाज यावा तसे ते ऐकू येऊन जायचे.

माझंही तेच झालंय. आधीच्या फ्लॅटमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर एक जोडपं राहायचं, रात्री खुर्ची सरकवल्याचा आवाज, मग काहीतरी पडल्याचा, मग एकदम शांत. सकाळी ती लिफ्टमध्ये भेटली की हसायची आणि मी पण हसायचे. दीड वर्ष आम्ही दोघी हसलो. एक दिवस त्यांनी घर सोडलं, ती कुठे आहे मला माहीत नाही. हे मी ताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मला नावं ठेवली नाहीत. म्हणाल्या, आता कुठे आवाज आला तर विरजण मागायला जा. एवढंच? म्हटलं. हो, वाटी घेऊन जायचं, बेल वाजवायची, विरजण आहे का हो विचारायचं, दार उघडेपर्यंत हलायचं नाही. त्या क्षणापुरता हात थांबतो, आणि तिला कळतं की खाली ऐकू जातंय. एकटीने जायचं नाही, आणि आवाज जास्त असेल तर बेल वाजवत बसायचं नाही, सरळ ११२ लावायचा. त्यांनीच सांगितलं की त्या २००५ च्या कायद्याप्रमाणे शेजाऱ्यानेही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे त्या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवलं तरी चालतं, चांगल्या हेतूने कळवलं असेल तर आपल्यावर काही येत नाही. मी आणि आमच्या मजल्यावरच्या दोघींनी ठरवून टाकलंय, वाटी दाराशेजारच्या कपाटातच ठेवलीय.

सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, असं आलंय की देशात ज्या बायकांनी मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसलीय त्यातल्या फक्त १४ टक्के जणींनी कुणाची तरी मदत मागितली, आणि ७७ टक्के जणी कुणाशी बोलल्याच नाहीत. ताईंना हा आकडा सांगितला तर म्हणाल्या, बोलल्या त्यांचं काय झालं ते पण विचार ना.

त्यांच्याकडे एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. सात महिने पोळ्या केल्या, सगळ्यात भराभर हात चालायचा म्हणे, आणि शेपू इतका आवडायचा की कच्चाच निवडता निवडता तोंडात टाकायची. मग दोन्हीकडची मोठी माणसं बसली, बैठक झाली, त्याने सगळ्यांसमोर माफी मागितली, दिवाळी तोंडावर आलीये, लेकरू बापाविना किती दिवस ठेवणार, एवढी एक संधी दे. समजूत घालून पाठवली. ताई पण त्या बैठकीला होत्या आणि त्या म्हणतात की मी नको म्हटलं पण मोठ्याने म्हटलं नाही. फेब्रुवारीत ती जिवानिशी गेली. केस चालू आहे म्हणून त्याच्यावर मी काही लिहिणार नाही. तिची लेक मावशीकडे आहे, लेकीच्या शाळेची फी केंद्रातून जाते.

गेल्या वर्षी २५ नोव्हेंबरला आमच्या डब्यात मूगडाळ घातलेली शेपूची भाजी आली. शेपू म्हणजे तुम्हाला माहितीये, अर्ध्या लोकांना त्याचा वासही सहन होत नाही. मी घरी येऊन नाक मुरडलं. संध्याकाळी डबा परत द्यायला गेले तर शटर अर्धं खाली, आत सगळ्या जणी जमिनीवर गोल बसलेल्या, मध्ये एक ताट वाढलेलं, पोळी, भात आणि शेपू. मला पण आत बोलावलं. भाषण नाही, मेणबत्त्या नाहीत. एकेक जण त्यांच्या ओळखीतल्या गेलेल्या बाईचं फक्त नाव घ्यायची आणि तिला खायला काय आवडायचं ते सांगायची. सुमारे वीस मिनिटं. कुणाला भजी, कुणाला दहीभात, कुणाला बडीशेप. लांबट पोळीवाल्या मावशींनी स्वतःच्या मोठ्या बहिणीचं नाव घेतलं, मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. ती तारीख जगभर पाळतात, १९६० मध्ये डोमिनिकन रिपब्लिकमध्ये मिराबाल आडनावाच्या तीन बहिणींना तिथल्या हुकूमशहाच्या माणसांनी मारलं तो दिवस, १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तो स्त्रियांवरच्या हिंसेविरोधात जाहीर केला. त्या तिघींना काय आवडायचं ते कुणालाच माहीत नव्हतं, पण त्यांचीही नावं घेतली, ताईंनी कागदावर लिहून आणली होती, पात्रिया, मिनर्व्हा, मारिया तेरेसा. नंतर सगळ्यांनी त्या ताटातला एकेक घास खाल्ला. मी पण खाल्ला.

तर माझ्याकडून पाचपैकी पाच, आमटीच्या गुळासकट. डबा हवा असेल तर मला मेसेज करा, मी ताईंना विचारून मग नंबर देईन, थोडी विचारपूस होईल, त्याचा राग मानू नका. ज्यांना डबा नकोय पण मदत हवीय त्यांच्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि सखी वन स्टॉप सेंटरमध्ये दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन या सगळ्यांची मदत एका जागी मिळते आणि पाच दिवसांपर्यंत राहताही येतं. बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, शिवाजीनगर कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात विचारा. हे वाचताना फोन दुसऱ्या कुणी बघत असेल तर आधी हिस्टरी पुसून टाका.

पुढचा २५ नोव्हेंबर आला की शेपू असणारच. ज्यांना अजिबात चालत नाही त्यांनी आदल्या दिवशी बाराच्या आत कळवा, बटाट्याची भाजी देतात.